स्वल्पिस्ता

मंजूची ओळ लाल झाली तेव्हा मी दहीभात खात होते. समोर लॅपटॉपवर डॅशबोर्ड उघडा होता. बावीस खेळाडू, बावीस ओळी. बहुतेक हिरव्या, चार-पाच पिवळ्या. मंजुनाथची ओळ सकाळपर्यंत पिवळी होती. ती माझ्या डोळ्यांदेखत लाल झाली. लाल म्हणजे पुढच्या हंगामाचा करार नाही. मंगळवार होता, आणि शुक्रवारी मीटिंग होती.

मी एका फुटबॉल क्लबात व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट आहे. हे नातेवाइकांना सांगितलं की ते विचारतात, "म्हणजे मॅचचं शूटिंग करतेस?" शूटिंग कॅमेरा करतो. मी ते नंतर पुन्हा पुन्हा बघते. कोणी किती पास दिले, किती चुकले, कोणी किती वेळा चेंडू हिसकावला, सगळं मोजून कोचच्या हातात देते. नव्वद मिनिटांची मॅच मोजायला मला अख्खा दिवस लागतो. मी मूळची बेळगावची. पूर्वी स्वतः खेळायचे, तेही मधल्या फळीतच. आमच्या वेळी कोच एवढंच सांगायचे, "तू मधे खेळ." मधे म्हणजे नक्की काय करायचं, ते आपलं आपण शोधायचं.

आमचा क्लब बंगळुरातल्या लीगमध्ये ना वर ना खाली असा आहे. ऑफिस जयनगरात, एका साडीच्या दुकानाच्या वर. सराव येलहंक्याच्याही पलीकडे, भाड्याच्या मैदानावर. दोन्ही ठिकाणं एकाच शहरात आहेत असं नकाशा म्हणतो. क्लबचा मालक निनाद. पुण्याचा, पस्तिशीच्या आतला. त्याने सॉफ्टवेअरची कंपनी काढली, ती चांगली चालली, मग त्याने क्लब घेतला. माणूस मनाने वाईट नाही. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीला नाव लागतं, आणि ते नाव मराठी, कन्नड किंवा हिंदी नसलेलं बरं वाटतं.

डॅशबोर्ड बनवला होता आर्यनने. आर्यन हा आमचा कन्सल्टंट. तो गुरुग्रामला राहतो आणि व्हिडिओ कॉलवर असतो. त्याचं पद 'रोल आर्किटेक्ट'. आमचं मैदान त्याने कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याची मतं स्वच्छ असतात. त्याची पद्धत सोपी होती. प्रत्येक खेळाडूला एक रोल द्यायचा. त्या रोलमध्ये युरोपातले खेळाडू काय आकडे काढतात ते बघायचं. आपल्या माणसाचे आकडे त्याच्या फार खाली असले की ओळ आपोआप लाल होते. मधल्या फळीसाठी ड्रॉपडाऊनमध्ये नऊ रोल होते. 'यांपैकी नाही' हा पर्याय नव्हता.

हे रोल काय असतात ते सांगते. एखादं लग्नघर डोळ्यांपुढे आणा. कोठीच्या दाराशी ठाण मांडून बसलेले काका असतात. जागचे हलत नाहीत, पण त्यांना चुकवून लाडवांचं ताट बाहेर जात नाही. फुटबॉलमध्ये बचावफळीच्या पुढे असा उभा राहतो तो अँकर. तेच काम धावत जाऊन, अंगावर पडून, दोन पिवळी कार्डं घेऊन करतो तो बॉल-विनर. मग खुर्चीत बसल्या बसल्या फोनवरून बस, भटजी, बँडवाले सगळे हलवणारी आत्या. मैदानावर मागे राहून लांब लांब पास देत खेळ चालवणारा असतो, त्याला रेजिस्टा म्हणतात. हा शब्द इटालियन, अर्थ दिग्दर्शक. स्टेशन ते कार्यालय, कार्यालय ते स्टेशन अशा खेपा घालणारा भाचा म्हणजे बॉक्स-टू-बॉक्स. आपल्या गोलपासून त्यांच्या गोलपर्यंत, आणि परत. मेझाला हा मधला असूनही बाजूच्या गल्लीतून पुढे घुसणारा. आणि ऐन मुहूर्ताला उगवून, अक्षता टाकून, फोटोत मधोमध उभे राहणारे मामा असतात ना? ते नंबर टेन. शेवटचा नाजूक पास त्यांचा. भांडी घासताना ते दिसत नाहीत आणि त्यांना कोणी विचारतही नाही.

हे प्रकार खोटे नाहीत. मी स्वतः रोज हे शब्द वापरते. कोचला "मागचा जरा पुढे आणि पुढचा जरा मागे" असं सांगण्यापेक्षा एका शब्दात काम होतं. भानगड तेव्हा होते, जेव्हा खण आधी तयार असतात आणि माणसं नंतर कोंबायची असतात.

मंजू कोणत्याच खणात मावत नव्हता. वय बत्तीस. राहणार येलहंका. आमच्याकडे चार वर्षं. चेंडू हिसकावण्याचे आकडे कमी, म्हणून बॉल-विनर नाही. पास आखूड, म्हणून रेजिस्टा नाही. धावणं बेताचं. चार वर्षांत गोल एक, तोही कॉर्नरवर चेंडू त्याच्या पाठीला लागून आत गेला म्हणून. आर्यनने त्याला 'अँकर'मध्ये टाकलं होतं आणि युरोपातल्या अँकरांशी ताडून बघितलं होतं. युरोपातले अँकर जिंकले.

बुधवारी मंजू ऑफिसात आला. सगळे खेळाडू मला अक्का म्हणतात. तो माझ्याशी कन्नडातच बोलतो, मी इथे मराठीत लिहिते.

"अक्का, यादी आली म्हणे."

"कोण म्हणालं?"

"फिजिओ."

आमच्या क्लबात गुपित ठेवायचं असेल तर फिजिओला सांगू नये. मी म्हणाले, "शुक्रवारी ठरेल."

"मला एकच वर्ष हवंय. पुढच्या वर्षी कोचिंगच्या लायसन्सचा कोर्स आहे. नाव क्लबने पाठवायचं असतं, आणि करारावर असेल त्याचंच पाठवतात. लायसन्स हातात आलं की आमच्या इथल्या शाळेत लागतो. हेडमास्तरांशी बोलून ठेवलंय."

"आणि एक वर्ष नाही मिळालं तर?"

"मग भावाच्या टायरच्या दुकानात." तो जायला उठला. मग म्हणाला, "तुम्ही सगळ्या मॅच बघता. मी वाईट खेळलो का?"

मला आकडे देता आले असते. पण त्याने आकडे विचारले नव्हते.

संध्याकाळी मी कोच सेल्वम सरांना गाठलं. सर बंगळुरातलेच, साठीचे, तीस वर्षं कोचिंग करताहेत. फार बोलत नाहीत.

"सर, मंजू लाल यादीत आहे."

"मग मधे कोण खेळणार?"

"तुम्हाला तो का हवा असतो?"

"तो नसला की आपण हरतो."

"का पण?"

"माहीत नाही. हरतो."

"हे मी डॅशबोर्डमध्ये कुठे लिहू?"

सर चहा घ्यायला निघून गेले.

त्या रात्री घरी मी मंजूच्या जुन्या मॅचेस पुन्हा लावल्या. इथे माझ्या कामाची एक सवय सांगायला हवी. मी व्हिडिओ कायम म्यूट करून बघते. आमच्या सरावाच्या मैदानावरून हवाई दलाची विमानं जातात, आणि स्टेडियमवर कुणा ना कुणाचे वडील कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहून पंचाचा उद्धार करत असतात. पास मोजायला आवाज लागत नाही. त्या दिवशी मुलीने लॅपटॉपवर गाणी ऐकली होती, म्हणून आवाज चालू राहिला.

कुणाचे तरी वडील ओरडून दमले. मग स्पष्ट ऐकू आलं, "स्वल्प! स्वल्प इष्टे!"

मी मागे जाऊन पुन्हा लावलं. मंजू. चेंडू त्याच्यापासून चाळीस मीटर लांब होता. त्याने डाव्या बॅककडे बघून दोन बोटांची चिमूट दाखवली आणि ओरडला. डावा बॅक दोन पावलं आत सरकला. समोरच्या संघाचा खेळाडू तिथूनच पास द्यायच्या बेतात होता. जागा बुजली, त्याने चेंडू उगाच बाहेर मारला. थ्रो-इन. माझ्या शीटमध्ये त्या क्षणाची नोंद होती, 'प्रतिस्पर्ध्याचा चुकलेला पास'. मंजूच्या नावावर शून्य.

स्वल्प म्हणजे थोडं, आणि इष्टे म्हणजे एवढंच. बंगळुरात हा स्वल्प दिवसभर कानावर पडतो. रिक्षावाला म्हणतो स्वल्प पुढे, भाजीवाली म्हणते स्वल्प थांबा. मराठीत आपण त्याला फक्त स्वल्पविरामापुरता ठेवला आहे.

मी मॅच पुढे नेली. मंजू गप्प म्हणून नव्हताच. राईट बॅकला स्वल्प मागे. स्ट्रायकरला स्वल्प डावीकडे. एकदा तर आपल्या गोलकीपरला स्वल्प पुढे. आणि प्रत्येक वेळी काहीतरी घडायचं राहून जात होतं. चेंडू त्याला हिसकावावा लागत नव्हता, कारण तो यायच्या आत रस्ता बंद झालेला असे. न घडलेल्या गोष्टी मोजायचं मशीन कुणाकडे नाही. माझ्याकडे कान होते, ते मी चार वर्षं बंद ठेवले होते. मला लाज वाटली. त्याची ओळ आर्यनच्या सूत्राने लाल झाली होती, पण त्या सूत्रात भरलेले आकडे माझे होते.

गुरुवारी मी कामाला लागले. चार मॅचेस, मंजूची प्रत्येक हाक, कितव्या मिनिटाला, कोणाला, मग काय झालं. रिमार्क्सच्या रकान्यात त्याचे शब्द जसेच्या तसे, इंग्रजी अक्षरांत टाकले. घाईत 'इष्टे'मधला एच राहिला, ते झालं 'इस्ते'. संध्याकाळी शीट डॅशबोर्डवर चढवलं आणि घरी गेले. शीट चढवताना एक रकाना सरकला. फक्त एक. रिमार्क्समधला मजकूर रोलच्या रकान्यात जाऊन बसला, आणि सिस्टिमने मधली मोकळी जागा काढून टाकली.

शुक्रवारची मीटिंग. निनाद, सेल्वम सर, मी, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर आर्यन. निनादने डॅशबोर्ड उघडला. मंजूची ओळ लाल नव्हती. राखाडी होती. रोलच्या जागी लिहिलं होतं, 'स्वल्पइस्ते'.

"हे काय आहे?" निनाद म्हणाला. त्याने ते दोनदा वाचायचा प्रयत्न केला. "स्वाल... पिस्ते? आर्यन, हा कुठला रोल?"

आर्यनच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीच नव्हतं. मी तोंड उघडलं. पण रोल आर्किटेक्टला एखादा रोल माहीत नाही, असं कसं होईल? तो इंग्रजीत म्हणाला, "अच्छा, हा. जरा जुना शब्द आहे. उत्तर इटलीत वापरायचे. इस्ते हे अनेकवचन झालं. एकवचन स्वाल्पिस्ता. रेजिस्टासारखंच."

"राइट, राइट," निनाद म्हणाला. "मी कुठेतरी वाचलंय हे."

सेल्वम सर जन्मापासून या शहरात आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग बिस्किटाकडे पाहत राहिले.

"सुजाताताई, हे तुम्ही आयडेंटिफाय केलंत?"

"मी त्याचं मैदानावरचं बोलणं नोंदवलं," मी म्हणाले.

"म्हणजे हा कम्युनिकेशन-बेस्ड रोल आहे?"

"हो."

"एक्झॅक्टली," स्क्रीनवरून आर्यन म्हणाला. "स्वाल्पिस्ता इतरांची पोझिशन बारीक बारीक अ‍ॅडजस्ट करतो. स्वतः चेंडूला फार हात घालत नाही."

"हात नाही, पाय," सेल्वम सर पुटपुटले.

खरी गंमत अशी की आर्यन बरोबर बोलत होता. तो आल्यापासूनच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच. स्वतःच्या मनाने बनवून सांगत होता आणि मंजूचं अचूक वर्णन करत होता.

"मग ओळ ग्रे का?"

"आपल्याकडे या रोलचा बेंचमार्क डेटा नाही. सो, लाल करता येणार नाही."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ओळ राखाडी होती. मी बोलले असते तर ती पुन्हा लाल झाली असती. मी पाणी प्यायले.

पुढचा महिना मी आयुष्यभर विसरणार नाही. आर्यनने चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं. पहिल्या स्लाइडवर इटलीतल्या कुठल्याशा गावाचा कृष्णधवल फोटो. निनादने क्लबच्या पेजवर लिहिलं की भारतातला पहिला नॅचरल स्वाल्पिस्ता आमच्याकडे आहे. एका पेपरवाल्याने त्याची मुलाखत घेतली. त्याखाली एका वाचकाने लिहिलं की आजकाल खरे स्वाल्पिस्ता राहिले नाहीत. दुसऱ्याने त्याच्याशी वाद घातला.

मंजू सरावानंतर माझ्याकडे आला. बूट काढता काढता म्हणाला, "अक्का, मी म्हणे स्वाल्पिस्ता आहे. ते काय असतं?"

मी त्याला सगळं सांगितलं. रकाना, एच, इटली. वाटलं, हसेल. तो हसला नाही.

"त्यांना माहीत नाही?"

"नाही."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"तुझी ओळ लाल झाली असती."

"म्हणजे मी जे करतो ते त्यांना अजून दिसलेलंच नाही." त्याने बूट एकमेकांवर आपटून माती झाडली. "हे बरोबर नाही, अक्का."

मला राग आला. ज्याच्यासाठी आपण नोकरी धोक्यात घालतो, त्यानेच आपल्याला नीती शिकवावी याचा राग येतोच. तो बरोबर होता, याचा जास्त आला.

शेवटच्या मॅचला आर्यनने मैदानाच्या कडेला ट्रायपॉडवर टॅबलेट लावायला सांगितला. त्यातून तो मंजूला सूचना देणार होता. स्वाल्पिस्ताने डाव्या बाजूला तरंगत राहावं, असं त्याने दरम्यान ठरवलं होतं. मंजू आज्ञाधारक माणूस. पहिला अर्धा वेळ तो डावीकडे तरंगला. इतक्या लांबून त्याची हाक कुणाला ऐकू गेली नाही. आमच्यावर दोन गोल झाले, दोन्ही मधून. हाफटाइमला सेल्वम सरांनी टॅबलेट काढून किटबॅगेत घातला, वर चार ओले टी-शर्ट टाकले आणि मंजूला म्हणाले, "मधे उभा राहा. तोंड चालू ठेव." मॅच दोन-दोन सुटली. निनाद टाळ्या वाजवत खाली आला. "बघितलंत? सेकंड हाफमध्ये स्वाल्पिस्ता सेटल झाला!" स्क्रीन बंद का होती, असं आर्यनने नंतर विचारलं. सर म्हणाले, नेटवर्क.

आठवड्याभराने करारावर सह्या करायला आम्ही ऑफिसात बसलो. पुन्हा तेच चौघे, आणि मंजू. करार छापून तयार होता. एक वर्ष. कोर्ससाठी क्लबचं शिफारसपत्र सोबत जोडलेलं. मला ते पत्र दिसलं आणि हायसं वाटलं. झालं एकदाचं.

मंजू हळूहळू वाचतो. तिसऱ्या पानावर थांबला. तिथे आर्यनने एक कलम घातलं होतं. खेळाडूने स्वाल्पिस्ता ही भूमिका पार पाडायची, न पाडल्यास क्लबला करार मोडता येईल.

मंजूने पेन खाली ठेवलं.

"सर, हा शब्द काढा," तो निनादला हिंदीत म्हणाला.

"कुठला? अरे, तीच तर तुझी युएसपी आहे!"

"इटलीत काय करतात मला माहीत नाही सर. उद्या तुम्ही म्हणाल इटलीसारखं केलं नाही, करार रद्द."

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती सेल्वम सरांना लागली. सर हूं की चूं न करता बसून राहिले.

"मी मैदानावर स्वल्प इष्टे म्हणतो," मंजू म्हणाला. "कन्नड आहे सर. म्हणजे थोडंसं, एवढंच. अक्कांनी ते लिहून घेतलं. पुढचं तुम्ही लोकांनी केलं."

खाली साडीच्या दुकानात कोणीतरी कापड फाडलं, तेवढं ऐकू आलं.

निनादच्या हातात कॉफीचा मग होता. पाच वर्षांपूर्वी बंगळुरात आला तेव्हा त्याला कोणीतरी दिलेला. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', म्हणजे थोडं सांभाळून घ्या. त्याने तो सावकाश फिरवला. वाचला. टेबलावर ठेवला.

"सुजाताताई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"तुम्ही आर्यनला विचारलंत. मला नाही." हे बोलून झाल्यावर मला कळलं की नोकरी गेलीच आहे, तर मग पुरतंच बोलून घ्यावं. "चूक माझी आहे. रकाना सरकला आणि मी सरकू दिला. पण त्याच्या आधीची चूक मोठी आहे. याची ओळ लाल झाली ती माझ्या आकड्यांनी. हा माणूस चार वर्षं आपला संघ ओरडून जागेवर ठेवतोय, आणि मी आवाज बंद करून त्याचे पास मोजत बसले. काढायचं तर मला काढा. त्याला ठेवा."

"आय थिंक," स्क्रीनवरून आर्यन म्हणाला, "आपण याला लोकलाइझ्ड कन्सेप्ट म्हणू शकतो."

"आर्यन, म्यूट," निनाद म्हणाला.

तो बराच वेळ कराराकडे बघत बसला. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. पेपरातली मुलाखत. क्लबचं पेज. ज्यांनी ज्यांनी त्याला फोन करून विचारलं होतं की हा स्वाल्पिस्ता नक्की काय करतो, ती सगळी माणसं. मंजूला आता काढलं तर कारण सांगावं लागलं असतं.

"ताई," तो अखेर म्हणाला, "मराठीत स्वल्पविराम म्हणतात, त्यातलाच का हा?"

"तोच."

"मला शाळेत मराठीत चांगले मार्क होते हो." हे त्याने इतक्या खऱ्या दुःखाने सांगितलं की मला त्याची कीव आली. त्याने पेन उचललं, कलमातला तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, मिडफिल्डर. शेजारी सही केली. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये."

"सरी, ठीक आहे सर," मंजू म्हणाला, आणि त्याने सही केली.

मला काढलं नाही. काढलं असतं तर मी बाहेर बोलले असते, हे निनादला कोणी सांगावं लागलं नाही. मंजूचा कोर्स झाला, लायसन्स आलं. हा हंगाम संपला की तो येलहंक्याच्या शाळेत रुजू होतोय. मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवणार असं मी विचारलं. म्हणाला, "तोंड उघडायला."

शब्द मात्र गेला नाही. तो छापून आला होता, त्यामुळे खरा झाला होता. ड्रॉपडाऊनमध्ये आता दहावा रोल आहे. आर्यनला त्यासाठी बेंचमार्क हवा होता. युरोपात कोणी सापडलं नाही, म्हणून त्याने मंजूचेच आकडे वापरले. आता तो माझ्याकडून हाकाही मोजून घेतो. त्यामुळे मंजूची तुलना दर आठवड्याला मंजूशी होते, आणि त्याला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव पडतात. बाकी ज्याला ज्याला त्या खणात घालून बघितलं, त्याची ओळ लाल झाली.

गेल्या महिन्यात एका मॅचला मात्र मंजूला एकदम बावन्न पडले. आम्ही ती मॅच हरलो. आर्यनने रोल-फटीग या विषयावर सहा पानी रिपोर्ट पाठवला. निनादने तो मला पाठवला आणि विचारलं, खरं काय ते बघा. मी मंजूला फोन केला. पलीकडून आधी नुसती खरखर आली.

"घसा बसलाय, अक्का."

मी रिमार्क्सच्या रकान्यात लिहिलं, 'मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दिवसातून तीनदा', आणि रकाना तपासून शीट चढवलं.